१५ मीटरवरून रामन: काचेत रेघ दिसते, कापडावर नुसता फुगवटा

प्रश्न (पाचशेबत्तीस): स्फोटकं दुरून ओळखायचा रामन सेटअप जुळवतोय (लेझर मारायचा, विखुरलेल्या प्रकाशातल्या रेघांवरून पदार्थ ओळखायचा). एनडी-याग लेझर, ५३२ नॅनोमीटर, पल्स ८ नॅनोसेकंद, १० हर्ट्झ. १५०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण, ६०० मायक्रॉन फायबर, आयसीसीडी (ठरावीक क्षणापुरताच उघडणारा कॅमेरा). खऱ्या मालाऐवजी सोडियम नायट्रेट. रात्री काचेच्या बाटलीत रेघ झकास येते. दिवसा ती उजेडात बुडते आणि निळ्या कापडावर पूड भुरभुरली तर रात्रीही फुगवटाच. गेट, म्हणजे कॅमेरा उघडा राहण्याची वेळ, ५०० नॅनोसेकंद आहे. लेझरची ताकद वाढवू का?

झडपवाला: ताकद राहू द्या, आधी गेट आवरा. १५ मीटर जाऊन-येऊन १०० नॅनोसेकंद लागतात आणि सिग्नल जेमतेम पल्सइतकाच टिकतो. बाकी वेळ तुम्ही ऊन गोळा करताय. गेट २० केलात की उजेड पंचविसाव्या हिश्श्यावर येईल. मात्र मग डिले (पल्स सुटल्यापासून गेट उघडेपर्यंतचा वेळ) नेमका हवा: लक्ष्य १ मीटर हललं की ६.७ नॅनोसेकंदांचा फरक. केबल आणि फायबर दोन्ही मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद खातात, म्हणून हिशोबाने १०० टाकून भागत नाही. बाटली ठेवून २-२ नॅनोसेकंदांनी डिले सरकवा, रेघ सर्वात उंच येईल तिथे थांबा.

तरंगसंख्या: दिवसाचं दुखणं गेटने जाईल, कापडाचं नाही. कापडाच्या रंगाचं प्रतिदीपन (लेझर पडल्यावर रंग स्वतःच उजळतो ते, म्हणजे तुमचा फुगवटा) काही नॅनोसेकंदच जगतं, म्हणजे तुमच्या पल्सइतकंच. गेटला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. बेसलाइन (रेघेखालचा पाया) वजा केलीत तर फुगवटा जातो, त्याचा शॉट नॉइज (प्रकाशकण मोजताना आपोआप होणारी चढउतार) तिथेच राहतो, आणि रेघ गिळतो तो नॉइजच. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरवर प्रतिदीपन कमी, पण रामन सिग्नलही जवळपास पाचव्या हिश्श्यावर. २४८ नॅनोमीटरवर सोडियम नायट्रेटची १०६८ सेंमी⁻¹ ची रेघ (हा आकडा म्हणजे ती लेझरपासून किती सरकली ते) २५५ नॅनोमीटरच्या आसपास पडते, प्रतिदीपन बहुधा त्याच्या बरंच पुढे सुरू होतं. पण ती किरणं साध्या काचेतून जात नाहीत, म्हणजे बाटली गेली. एका लेझरमध्ये बाटली आणि कापड दोन्ही जमवायचा हट्ट सोडा.

ताकद वाढवण्याबद्दल: गडद कापड तापतं, आणि खरा माल असेल तेव्हा हे नुसतं डेटा खराब होण्यावर थांबत नाही. उलट ठिपका पसरवा. तुमच्या दुर्बिणीत १५ मीटरवरची प्रतिमा नवव्या हिश्श्याची होते, म्हणजे ५ मिमीचा ठिपका फायबरमध्ये मावतो. त्याहून मोठा केलात तर कडेचा प्रकाश वाया.

पाचशेबत्तीस: गेट २० केला, दिवसा बाटली स्वच्छ दिसतेय! पण रेघ १०५४ वर आली. लायब्ररी (माहीत असलेल्या रेघांचा संग्रह) पोटॅशियम नायट्रेट म्हणते.

तरंगसंख्या: लायब्ररीचा दोष नाही, तुमच्या आलेखाचा अक्ष सरकलाय. नायट्रेटच्या रेघा: अमोनियम १०४३, पोटॅशियम १०५०, सोडियम १०६८. सगळी ओळख या २५ सेंमी⁻¹ मध्ये. लक्ष्याच्या जागी डांबरगोळी ठेवा, तिच्या रेघा ७६४ आणि १३८२ वर बसवा. गोळी नॅफ्थलीनचीच आहे ना ते वेष्टनावर बघा, हल्ली बऱ्याच पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात.

झडपवाला: मैदानात गोळीही नको. लक्ष्याच्या अलीकडे गेट सरकवून हवेतला नायट्रोजन घ्या, २३३१ वर. फार पल्स जमवावे लागतात, पण तो कुठेही मिळतो. आणि गॉगल १०६४ व ५३२ दोन्हींचा घाला. हिरवा दिसतो म्हणून माणूस त्यालाच जपतो, लेझरचा मूळचा, उरलेला १०६४ दिसत नाही.