बाप्तिस्म्याआधी खर्चाचा हिशेब लिहून घ्यावा का?
(चर्चा; प्रत्येक नोंदीवर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रेल्वे लाईन्स
लूकच्या १४व्या अध्यायात येशूमागे मोठी गर्दी चालली आहे, आणि नेमका तेव्हाच तो मागे वळून बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो: आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. सोलापुरात बऱ्याच ठिकाणी याच्या उलट चालतं. तीन दिवसांची उपवास-प्रार्थना, शेवटच्या दिवशी हात वर, पुढच्या रविवारी पाण्यात. मग जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की घरात पहिली ठिणगी पडते.

माझं मत: किमान सहा महिने तयारी आणि शेवटी ख्रिस्ती झाल्याने काय गमवावं लागेल याचा उमेदवाराने स्वतः लिहिलेला हिशेब. पहिले आठ आठवडे मार्कचं शुभवर्तमान, आठवड्याला दोन अध्याय, म्हणजे सोळाही होतात. मार्क अशासाठी की ८:३४ ला वधस्तंभ समोर येतोच, त्याला वळसा घालता येत नाही. नंतर दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार. तिसऱ्या महिन्यात पाळक (पास्टर) आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, एक वडील (एल्डर) घरी जाऊन आईवडिलांना किंवा जोडीदाराला भेटतील. ही भेट टाळली की पुढचं सगळं चोरून केल्यासारखं दिसतं. हिशेबात रोजगार, जातीचे दाखले, शेतीवाडी, सण-सुतक, मुलांची लग्नं. आणि मयत! माती कोणत्या दफनभूमीत होणार, हे कुणी आधी विचारतच नाही. मग ऐन वेळी भाऊबंद एका बाजूला आणि मंडळी दुसऱ्या बाजूला उभी.

मागावरचा
सहा महिने कोणत्या वचनात आहेत? प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा अधिकारी पाणी दिसताच विचारतो, बाप्तिस्मा घ्यायला मला काय अडचण आहे? सुवार्तिक फिलिप्प त्याला फॉर्म भरायला लावत नाही. फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा तर त्याच रात्री झाला.

दुसरं, दाखला पुरता वाचा की हो. दहा हजार सैन्याचा राजा हिशेब करतो तेव्हा समोर वीस हजार असतात. हिशेबाचं उत्तर ‘पुरत नाही’ असंच येतं, म्हणून तो दूत पाठवून तह मागतो. ३३व्या वचनात तर सगळंच सोडायला सांगितलंय. म्हणजे स्वतःची ऐपत सिद्ध करून आत यायचं नाहीये.

आणि व्यवहारात बघा. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करणारा तुमच्या वर्गाला कधी येणार? विड्या वळणारी बाई हिशेब लिहिणार कशी? अशी चाळणी लावली की मंडळीत फक्त पगारदार उरतात.

वचनवाचक
कूशी अधिकारी यरुशलेमेत भजन करून परतत होता आणि रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. त्याची तयारी झालेली होती, फिलिप्पाने शेवटचा धडा दिला. सुरुवातीला येणारे बरेचसे असेच यहुदी शास्त्रात मुरलेले होते. बाहेरचे लोक मोठ्या संख्येने येऊ लागले तशी तयारीची मुदत वाढली. तिसऱ्या शतकातली मानली जाणारी, ‘प्रेषितीय परंपरा’ म्हणून ओळखली जाणारी नियमावली तीन वर्षं सांगते. मात्र लगेच पुढे म्हणते, माणूस मनापासून झटत असेल तर काळ पाहू नका, वागणूक पाहा.

तिच्यात धंद्यांची यादीही आहे. कुंटणखाना चालवणारा, आखाड्यात माणसं मारणारा, मूर्ती घडवणारा यांनी धंदा सोडावा, नाहीतर परत पाठवावं. मुलांना शिकवणाऱ्यानेही शिकवणं सोडलं तर बरं (अभ्यासात देवदेवतांच्या कथा असत), पण दुसरा हुन्नर हाती नसेल तर त्याला राहू द्यावं. विडीकामगार बाईचं उत्तर मला यात दिसतं. तंबाखूचं काम सोड असं तिला सांगायचं असेल तर आधी दुसरा रोजगार दाखवा.

हिशेबनीस
कायद्याचं नीट लिहितो, कारण इथे ऐकीव माहितीवर लोक आयुष्याचे निर्णय घेतात.

अनुसूचित जातीचा दाखला: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला परिच्छेद ३. आधी फक्त हिंदू, १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे एकाच गल्लीतल्या बौद्ध कुटुंबाचा हक्क शाबूत, ख्रिस्ती झालेल्याचा गेला. त्या प्रवर्गातली शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव प्रभाग, तिन्ही. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अट नाही, त्यामुळे पारधी उमेदवाराला ‘तुझं आरक्षण गेलं’ असं सांगून घाबरवणं चूक आहे.

‘कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती’ हा सर्रास सुचवला जाणारा तोडगा. पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो घटनेशी केलेली फसवणूक ठरवला. आपल्या राज्यात पडताळणी समितीने दाखला रद्द केला तर त्यावर मिळालेली नोकरी आणि पदवी दोन्ही धोक्यात येतात.

वडिलोपार्जित मिळकत: धर्म बदलला म्हणून तुमचा स्वतःचा वारसा जात नाही. पण हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २६ बघा. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडतो तेव्हा ती मुलं हिंदू असतील तरच मिळतो. त्यामुळे एकाच घरात थोरल्याला आजोबांचा वारसा लागतो, धाकट्याला नाही. आजोबांनी आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र केलं तर हा पेच सुटतो. म्हणूनच ती घरची भेट महत्त्वाची.

लग्न: एकाच्या बाप्तिस्म्याने हिंदू विवाह आपोआप मोडत नाही. मात्र दुसऱ्या जोडीदाराला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोट मागायला कारण मिळतं.

बाळीवेस
दाखला जातो तो सरकारच्या आदेशाने, येशूच्या आज्ञेने नव्हे. त्याला ‘तुझा वधस्तंभ’ म्हणून पोराच्या खांद्यावर देऊ नका. अन्यायाविरुद्ध कोर्टात जायचं सोडून त्याची फुलं वाहायची, हे बरं जमतं आपल्याला.

मार्क १०:२९-३० वाचा. घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडणाऱ्याला ‘आताच्या काळात’ शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं मिळतील. छळणुकीसह. मिळणाऱ्यांच्या यादीत बाप नाही, तो वरचा एकच. बाकी सगळं कुठून येणार? मंडळीतून! तेव्हा मंडळीने आपलाही हिशेब मांडावा. शिष्यवृत्ती गेलेल्या पोराची फी कोण भरणार, घराबाहेर काढलेल्या मुलीला कोणत्या घरात झोपायला मिळणार. अंदाजपत्रकात स्पीकर सेटला पैसे आणि यासाठी शून्य असेल तर दुसऱ्याला खर्च मोजायला सांगू नये.

रेल्वे लाईन्स
मंडळीचा हिशेब हवाच, मान्य. पण बाप्तिस्म्याआधी फी कबूल केली की प्रलोभनाचा आरोप ठेवलेलाच. आणि आरोप सोडा, त्या पोराला स्वतःलाही कळत नाही आपण कशासाठी आलो. मदत सभासदांच्या निधीतून, सगळ्यांना एकाच नियमाने. उमेदवाराला फक्त एवढंच सांगायचं की असा निधी आहे.

मोदीखाना
सगळे दादालोक एकाच माणसाचा हिशेब करताहेत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. निर्णय त्यांचा. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर साडेचार-पाच वर्षं नवऱ्यापासून दूर, सासर-माहेरच्या तोंडाकडे बघत काढली, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्या खर्चाची पावती टिळकांच्या नावावर फाडायची? हिशेबाच्या कागदावर ‘हे कोण भरणार’ असा एक रकाना ठेवा. बायको, लहान मुलं, म्हातारी आई. १ करिंथ ७:१२-१३ मध्ये पौल स्पष्ट सांगतो: विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला राजी असेल तर सोडू नका. प्रसादावरून घर मोडणाऱ्यांनी तेच पत्र १०:२७-२८ पर्यंत वाचावं. पुढ्यात आलेलं मुकाट खा, कुणी ‘हे नैवेद्याचं’ असं सांगितलं तर खाऊ नका. आरडाओरडा करायला कुठेच सांगितलेला नाही.

मागावरचा
ताईंचा रकाना पटला. पण हा सगळा काथ्याकूट चालू असताना एमआयडीसीतली नोकरी सोडून ‘पूर्णवेळ सेवेचं पाचारण’ म्हणणारी तरुण मुलं आहेत, त्यांना कोण अडवणार? तिथे तर कुणी एक आठवडाही थांबत नाही.

वचनवाचक
तिथे माझी अट बाप्तिस्म्याहून कडक आहे. कर्ज फिटलेलं हवं. भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा नाही. जोडीदाराचा होकार, आणि किमान दोन वर्षं नोकरी सांभाळून वस्तीत केलेलं काम दोन वडिलांनी पाहिलेलं. पौल करिंथमध्ये तंबू शिवून जगत होता (कृत्ये १८:३). आईबापांचा खर्च ‘देवाला वाहिला’ म्हणून टाळणाऱ्यांना येशू मार्क ७ मध्ये काय म्हणतो तेही त्यांना वाचून दाखवा.

बाळीवेस
आणि मासे धरत असलेल्या शिमोनाकडे येशूने किती वर्षांचा अनुभव मागितला होता?

हिशेबनीस
तो वाद तुमचा चालू द्या. माझी एकच सूचना: हिशेबाचा कागद मंडळीच्या कपाटात ठेवू नका. त्यात जमिनीचा गट नंबर, घरातली भांडणं, जातीचे दाखले, सगळं असणार. उद्या भाऊबंदांनी तक्रार केली तर हाच कागद ‘मालमत्तेसाठी बाटवलं’ म्हणून समोर येईल. पाळकाने एकदा वाचावा, झेरॉक्स न काढता परत द्यावा. लिहिता न येणाऱ्या बाईने सांगावं आणि तिच्या विश्वासातल्या कुणीतरी लिहून तिच्याच हातात द्यावं.