अनुभव सांगा : स्वतःच्या पुस्तकाची टिमकी कशी वाजवलीत?

पुस्तक लिहिताना नाही आली, पण 'माझं पुस्तक घ्या' म्हणताना मात्र लाज येते. लेखक आणि छोटे प्रकाशक, दोघांनीही लिहा. काय केलंत, काय फसलं? फुशारक्या चालतील, पण सोबत एखादी फजितीही हवी.

सुरुवात माझ्यापासून. प्रकाशनाच्या दिवशी फोनमधल्या झाडून सगळ्या लोकांना एकच निरोप धाडला. अभिनंदनांचा पाऊस पडला, पुस्तकं गेली चार. पुढच्या महिन्यात रोज पाच जणांना नावानिशी लिहू लागले. 'तुला त्या प्रवासातलं हे प्रकरण आवडेल' एवढंच, पण त्या माणसासाठी लिहिलेलं. आता पैसे येऊ लागले, आणि उलट प्रश्नही.

छोटा प्रकाशक, दोघांचा कारभार
आम्ही परीक्षणासाठी तीस प्रती पाठवल्या. सोबत चिठ्ठी नाही, आधी विचारणा नाही. परीक्षणं आली दोन, त्यातलं एक लेखकाच्या मित्राचं. पुढच्या वेळी आधी विचारलं, 'पाठवू का?' होकार आले आठ, तेवढ्याच प्रती पाठवल्या. प्रत्येकीत एक कागद : पुस्तक कशाबद्दल, कोणासाठी, पानं, किंमत, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), मुखपृष्ठाचं चित्र कुठे मिळेल. परीक्षणं आली तीन. आकडा छोटा आहे, पण बावीस प्रती वाया जायच्या वाचल्या!

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. आमच्या लेखकाचं नाव मुखपृष्ठावर दीर्घ, ऑनलाइन यादीत ऱ्हस्व. वाचक शोधायचे आणि 'सापडत नाही' म्हणून सोडून द्यायचे. जाहिरातीवर पैसे उडवून झाल्यावर हे लक्षात आलं. आता पुस्तक छापायला जाण्याआधी नाव, विषयाचे शब्द आणि मलपृष्ठावरचा मजकूर मी स्वतः तीनदा तपासतो. ई-पुस्तकाला आयएसबीएन घ्यायचा तर तो वेगळा लागतो, तोही तेव्हाच बघून घ्या.

कवयित्री, पहिला संग्रह
बहिणीने ॲमेझॉनवर पाच तारे देऊन भरभरून लिहिलं. काही दिवसांनी ते गायब! घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेले अभिप्राय त्यांच्या नियमांत बसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. राग आला, मग अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनची गोष्ट वाचली. 1855 मध्ये पहिला संग्रह स्वखर्चाने काढून त्याने स्वतःच निनावी परीक्षणं लिहिली होती, तीही कौतुकाची. म्हणजे आम्ही तसे सभ्यच.

मधमाशीपालनावर लिहिणारा
साहित्यिक कार्यक्रमांत मी कोपऱ्यातल्या टेबलामागे बसून कंटाळलो. मग मधपाळांच्या एका बैठकीला गेलो. अर्धा तास राणीमाशी बदलण्यावर बोललो, पुस्तकाचं नाव शेवटच्या मिनिटाला. नेलेल्या सगळ्या प्रती संपल्या. वाचक जिथे वाचक म्हणून येत नाहीत, तिथे जायचं.

कादंबरीकार (हात पोळलेली)
एका प्रचार कंपनीने 'बेस्टसेलर करून देतो' म्हणून पैसे घेतले. पुस्तक ऑनलाइन यादीतल्या एका आडवळणाच्या, जवळपास रिकाम्या वर्गात (विषयगटात) टाकलं, ओळखीच्यांना एकाच दिवशी विकत घ्यायला लावलं, आणि काही तास ते त्या वर्गात पहिलं आलं. तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला. दुसऱ्या दिवशी क्रमांक कोसळला. तो स्क्रीनशॉट माझ्याकडे अजून आहे, बघवत नाही. आधी वर्ग कोणता ते विचारायला हवं होतं.

पुस्तक दुकानदार, आगंतुक
माझंही ऐका. लेखक येतात, 'पुस्तक दर्शनी ठेवा' म्हणतात. मी ठेवतो. संध्याकाळी त्यांची पोस्ट बघतो तर फक्त ऑनलाइन खरेदीची लिंक! आमचं नाव एका ओळीत आलं असतं तर काय बिघडलं असतं? अशांच्या न विकलेल्या प्रती परत पाठवायला मी सर्वांत आधी बांधतो.

पुस्तक अजून छपाईत
सगळं वाचलं. चार महिने मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुखपृष्ठ तयार आहे, फोनमध्ये आहे. आधी ज्या दोघांनी हस्तलिखित वाचलं त्यांनाच दाखवावं म्हणतोय. की दुकानदारांना?