मदत हवी आहे: वाळवंटात परसातलं ॲक्वापोनिक्स, मासे मरताहेत

वाळूतला_मासा:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. घरामागे ॲक्वापोनिक्स (माशांच्या पाण्यावर भाज्या) लावलंय, पहिल्यांदाच. आयबीसीची टाकी (माल वाहून न्यायची मोठी प्लास्टिकची) कापून खाली मासे, वर खडीचा वाफा, पंप, बेल सायफन (वाफा भरला की पाणी आपोआप खाली सोडणारा), सगळं व्हिडिओत दाखवतात तसंच केलंय आणि सायफन पहिल्या फटक्यात चालला (आधीचे दोन शनिवार धरले नाहीत तर). पण आता मासे मरायला लागलेत, काल ४ आणि आज सकाळी ७. कोथिंबीर पिवळी पडलीये, अळूचा एक कांदा तेवढा तग धरून आहे. मुलीने माशांना नावं ठेवलीयेत त्यामुळे ती उठायच्या आत मला जाळी घेऊन मागे जावं लागतं. वाळवंटातलं ऊन, पाणी तापतंय, हे मला कळतंय. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) घ्यावा का आणि किती क्षमतेचा, एवढंच सांगा प्लीज.

निवांत:
वाळवंट म्हणजे कुठलं? जैसलमेर, दुबई की मंगळ? मासे कुठले, किती, पाणी किती, कधी सोडले? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी द्या" एवढंच म्हणता का?

वाळूतला_मासा:
सॉरी, घाईत लिहिलं. चँडलर, ॲरिझोना, फीनिक्सला लागून. तिलापियाची ४० पिल्लं, बोटाएवढी. पाणी साधारण ७०० लिटर. दुपारी ९३ ला जातं.

उजनीकर:
९३???? अहो मग ते मेले नाहीत, शिजलेत. वरून कोकम टाका.

वाळूतला_मासा:
फॅरनहाइट हो! म्हणजे ३४ सेल्सिअस.

उजनीकर:
मग ठीक. तिलापिया म्हणजे आमची चिलापीच ना? उजनीत ढिगाने सापडते, तिला काही होत नाही, गढूळ पाणी, ऊन, सगळं चालतं. तुमची मरतेय म्हणजे बियाणंच खराब असणार, विकणाऱ्याला धरा. अवांतर: भिगवणला गेलात तर हायवेवर चिलापी फ्राय खा, बारके काटे नसतात फार.

शारजावाली:
बियाण्याला नावं ठेवू नका लगेच. ३४ अंश जास्त आहे पण तेवढ्याने तिलापिया पटापट मरत नाही, चिलरचे पैसे ठेवा खिशात. मी इथे चौथा उन्हाळा काढतेय. मला हे सांगा, पीएच किती, अमोनिया किती, नायट्राइट किती, पाणी भरल्यावर किती दिवसांनी मासे सोडले, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का.

मातीशी_नातं:
टेस्ट किट वगैरे सगळी कंपन्यांची दुकानदारी आहे. टाकीत ५ लिटर जीवामृत सोडा, जिवाणू आपोआप तयार होतात. आमच्या माण तालुक्यात १० वर्षं वापरतोय, डाळिंब बघायला या.

शारजावाली:
दादा, डाळिंबाला घाला की, कोण नको म्हणतंय. पण जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. गोमूत्रातल्या युरियाचा पाण्यात अमोनिया होतो, आणि गूळ-बेसन खाणारे जिवाणू पाण्यातला सगळा ऑक्सिजन ओढून घेतात. उरलेले २९ मासे सकाळपर्यंत उताणे. धागाकर्ते, कृपा करून हे करू नका.

मातीशी_नातं:
तुम्ही कधी वापरलंय का? न वापरताच बोलायचं.

निवांत:
मातीशी नातं ठेवा ना, पाण्याशी कशाला. धागाकर्ते कुठे गेले?

वाळूतला_मासा:
इथेच आहे, मीटिंगमध्ये होतो. किट आणलं होतं, उघडलं नव्हतं. आत्ता केलं. पीएच ८.४, अमोनिया २ पीपीएम (दशलक्षात २ भाग), नायट्राइटची नळी जांभळी झाली, तक्त्यावर ५ च्या जवळ. पाणी बागेच्या नळीने भरलं, तिसऱ्या दिवशी मासे सोडले. आणि हो, पहाटे सगळे वर येतात, मला वाटलं खायला मागतायत म्हणून मी जास्त टाकत होतो.

शारजावाली:
खायला नाही हो, श्वास मागतायत!! गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम तर ३४ ला जेमतेम ७, त्यात पहाटे तो सगळ्यात कमी. शिवाय नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन धरत नाही.

आता अमोनियाचं. किट सांगतं ते २ पीपीएम सगळंच विषारी नसतं, मोकळा अमोनिया किती ते पीएच आणि तापमानावर ठरतं. ३४ अंशाला पीएच ७ असता तर शंभरातला एखादाच भाग मोकळा, ८.४ ला पाचातला एक. तिसऱ्या दिवशी जिवाणू कुठून येणार, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारी फौज बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मासे नंतर सोडायचे असतात.

आज काय करायचं: खाणं पूर्ण बंद, ४-५ दिवस काही होत नाही त्यांना. एअर पंप आणून त्याचे दोन एअर स्टोन (बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) टाकीत सोडा, रात्रभर चालू. निम्मं पाणी बदला, पण आधी नळातलं क्लोरीन मारायचं औषध घालून. क्लोरीन उघड्यावर एक दिवसात उडतं, क्लोरामाइन उडत नाही, तुमच्या शहराच्या पाणी अहवालात बघा कुठलं आहे. आणि आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमचं ७०० ग्रॅम, विरघळवून. त्याने नायट्राइट कल्ल्यातून आत शिरत नाही.

वाळूतला_मासा:
बागेच्या नळीचं आठवलं म्हणून सांगतो, इथे ऊन खाल्लेल्या नळीतलं पहिलं पाणी हात भाजेल असं येतं. तेच सरळ टाकीत गेलं असणार.

हायड्रो_पुणे:
मासे हवेतच कशाला? सरळ हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यात) करा. मी बाल्कनीत लेट्यूस घेतो, दोन बाटल्या न्यूट्रिएंट, झंझट नाही, पीएच ६ वर ठेवला की झालं.

वाळूतला_मासा:
मुलगी तुमच्या बाटल्यांना नावं ठेवणार का? :) बरं पीएच खाली कसा आणू? व्हिनेगर ओतू का?

शारजावाली:
नको, दोन दिवसांत परत वर जाईल आणि त्या झोक्यात मासे जातील. व्हिनेगर आणलंच असेल तर चमचाभर वाफ्यातल्या खडीवर टाका, माशांच्या पाण्यात नाही. फसफसलं तर खडी चुनखडीची, ती पीएच खाली येऊच देणार नाही.

वाळूतला_मासा:
आत्ता बघितलं. इनोसारखं फसफसलं!! दीड टन वाटावी अशी खडी मी एकट्याने ढकलगाडीतून आणलीये.

निवांत:
😂 माफ करा. पण 😂

शारजावाली:
बदलावी लागेल हळूहळू, भाजलेल्या मातीचे गोळे महाग पडतात, लाव्हा रॉक मिळाला तर बघा, तोसुद्धा व्हिनेगर टाकूनच घ्या. कोथिंबीर पिवळी त्यातही हाच हात आहे, एवढ्या पीएचला लोह मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं विरघळलेलं राहणारं) घ्या, साधं ईडीटीए तुमच्या पाण्यात टिकणार नाही. पाणी लाल होईल, घाबरू नका. आणि जूनमध्ये कोथिंबीर लावायची नसते तिथे, हिरवी असती तरी फुलावर आली असती. अळू ठेवा, त्याला पाणीच हवं.

गारव्याला चिलर नको. शेडनेट टाका, टाकी झाकून घ्या, बाहेरून गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. हवा कोरडी आहे तुमची, आख्खी टाकी माठ होईल. इथे ऑगस्टमध्ये समुद्राच्या दमटपणात आमचं ते चालत नाही.

निवांत:
टाकी जमिनीत पुरली तर?

वाळूतला_मासा:
तोच प्लॅन होता. अर्धा फूट खणलं आणि खाली कॅलिची लागली, इथल्या मातीतला चुन्याचा थर, पहार मारली की ठणकन परत येते. जॅकहॅमर भाड्याने आणावा लागेल, आणि सोसायटीचं एक पत्र आधीच आलंय टाकी कुंपणावरून दिसते म्हणून.

उजनीकर:
हिवाळ्यात काय करणार? चिलापीला थंडी सोसत नाही.

वाळूतला_मासा:
हिवाळा? इथे?

शारजावाली:
जानेवारीच्या रात्री तुमच्याकडे ४-५ अंशांपर्यंत जातात ना? पाणी १०-१२ च्या खाली गेलं की तिलापिया संपला. हीटर तरी लावा नाहीतर पुढच्या वेळी गोल्डफिश. आणि तिलापिया पाळायला तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी लागते का तेही बघून घ्या, काही ठिकाणी लागते.

मातीशी_नातं:
गोल्डफिश खाता येत नाही.

निवांत:
नाव ठेवलेली तिलापिया पण खाता येत नाही.

वाळूतला_मासा:
अपडेट: एअर पंप लावला, पाणी बदललं, मीठ घातलं, गोणपाट मिळालं नाही म्हणून जुन्या चादरी गुंडाळल्या. आज सकाळी फक्त १ गेला. अमोनिया १ वर. पाण्यावर कडेला पांढरा फेस येतोय, एअर पंपाचा असेल ना?

शारजावाली:
थोडा येतो. टाकी नवी की जुनी? आधी काय होतं तिच्यात?

वाळूतला_मासा:
जुनी, ऑनलाइन जाहिरात बघून घेतली. स्टिकर निघालेला होता. विकणारा म्हणाला होता, साबणाचं काहीतरी, पण धुतलीये.

शारजावाली:
कितीदा धुतलीये?

शारजावाली:
आहात का?