मदत हवी आहे: हार्वर्डच्या 'कॉर्पोरेशन' आणि 'ओव्हरसीअर्स'ना मराठीत काय म्हणावं?

नववी-दहावीच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या, वसाहतकाळातल्या हार्वर्ड कॉलेजवर लेख लिहिते आहे. कारभाराच्या भागावर अडले.

तिथे दोन मंडळं होती. 1642 चं ओव्हरसीअर्सचं, म्हणजे गव्हर्नर, मॅजिस्ट्रेट आणि आसपासच्या सहा गावांचे धर्मोपदेशक. मग 1650 च्या सनदेनं कॉर्पोरेशन आलं: अध्यक्ष, पाच फेलो (म्हणजे कॉलेजचे सदस्य) आणि खजिनदार. मालमत्ता आणि नियम कॉर्पोरेशनकडे, पण त्याच्या निर्णयांना ओव्हरसीअर्सची संमती लागे.

'कॉर्पोरेशन' तसंच ठेवलं तर मुलांना महापालिका आठवते, 'ओव्हरसीअर' म्हटलं की बांधकाम खात्यातला माणूस. 'विश्वस्त मंडळ' आणि 'नियामक मंडळ' वापरून पाहिलं, पण आपल्या शिक्षणसंस्थांमुळे कोण कोणाच्या वर हेच उलटं वाटायला लागतं. आणि लेखाचा जीव तर तिथेच आहे.

दुसरी अडचण मापाची. 1644 मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी दर कुटुंबाकडून एक पेक गहू किंवा 12 पेन्स मागितले गेले. (मला हा तपशील फार आवडतो, फीसुद्धा कित्येकदा धान्यात, जनावरांत भरली जाई.) पेक म्हणजे साधारण 9 लिटर. 'पायली' लिहायचा मोह होतो, पण ती गावागणिक बदलते.

तळटीप किंवा कंसात इंग्रजी चालणार नाही. एकदा ठरलेला शब्द लेखभर तोच राहील.

तर वरचढ कोण हे नावातूनच कळेल अशी जोडी कोणती? आणि पेकला 'पायली' म्हणावं, की सरळ लिटरच द्यावेत?