विनोदी नट ते चरित्र अभिनेता : अशोक सराफ यांच्याकडून झाडीपट्टीच्या नटाने काय घ्यावे?

धानकरी (ब्रह्मपुरी)

नमस्कार. पावसाळ्यात धानाची शेती आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एका नाटक मंडळीत विनोदी पार्ट, असे माझे सात हंगाम झाले आहेत. दिवसा गावात शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे नाटक, अशा गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत हसू पोहोचवायचे तर आवाज, चाल, डोळे सगळेच मोठे करावे लागते, आणि आता ती अंगाचीच सवय झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात नागपूरला एका मालिकेच्या निवडचाचणीला गेलो होतो. मुलीच्या लग्नासाठी पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या बापाचा छोटा प्रसंग होता. कॅमेऱ्यामागच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही नोटा मोजतानाही प्रेक्षकांकडे पाहता." ते वाक्य मनातून जात नाही. अशोक सराफ रंगभूमीवरून सिनेमात आणि तिथून दूरचित्रवाणीवर गेले, तरी कुठेच उपरे वाटले नाहीत. त्यांची कोणती कामे मी नीट पाहावीत आणि त्यांत नेमके काय पाहावे?

जुना प्रॉम्प्टर (वडसा)

भाऊ, प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दादा कोंडके यांच्या 1975 च्या 'पांडू हवालदार'मध्ये सराफ दुसऱ्या हवालदाराच्या, सखारामच्या भूमिकेत होते, आणि 2011 च्या हिंदी 'सिंघम'मध्येही त्यांच्या अंगावर खाकीच होती. मध्ये छत्तीस वर्षे गेली. हे दोन सिनेमे लागोपाठ पाहा, म्हणजे तोच गणवेश घालून वेगळा माणूस कसा उभा करता येतो ते कळेल.

'धुमधडाका' (1985) मात्र पुन्हा पुन्हा पाहा. त्यात ते श्रीमंत यदुनाथ जवळकर असल्याची बतावणी करतात आणि पाइप ओढताना त्यांच्या घशातून तो प्रसिद्ध आवाज निघतो. आपल्याकडे कितीतरी नटांनी तो आवाज उचलला आणि टाळ्याही घेतल्या, पण तो कशातून आला याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. श्रीमंतीचे सोंग घेतलेल्या माणसाला धूर झेपत नाही आणि तरीही ऐट सोडायची नाही, या ओढाताणीतून तो आवाज येतो. ओढाताण वगळून नुसता आवाज काढला तर ती नक्कल होते. 'अशी ही बनवाबनवी'मध्ये (1988) साड्या नेसून वावरणारे दोघे वेगळेच आहेत, पण त्यांचा विनोद उभा राहतो तो धनंजय मानेच्या काळजीवर. खोटे उघडे पडले तर राहायचे कुठे, ही चिंता सराफांच्या चेहऱ्यावर अगदी खरी आहे.

त्यानंतर 'चौकट राजा' (1991) पाहा. मतिमंद नंदूला आणि त्याच्या आईला सांभाळून घेणारा सराफांचा गणा हसवतोही, परंतु नंदूकडे तो ज्या नजरेने पाहतो तिच्यात प्रेक्षकाला काही दाखवण्याची धडपड नाही. तुम्हाला त्या बाईंनी जे सांगितले त्याचे उत्तर मला त्या नजरेत दिसते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मालिका मिळाली तरच नट मोठा, असे समजू नका. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीतच विनोदी भूमिकांचे आयुष्य उभे केले आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वऱ्हाडी वाचक (अमरावती)

प्रॉम्प्टरदादांनी सिनेमाचे सांगितले, मी दूरचित्रवाणीचे सांगतो. 1995 मध्ये सुरू झालेल्या 'हम पांच'मध्ये सराफ पाच मुलींचे बाप आहेत आणि भिंतीवरच्या फोटोतली दिवंगत पहिली पत्नी त्यांच्याशी बोलते. घरातल्या इतरांसमोर फोटोशी बोलायची चोरी, म्हणून पुष्कळसे काम मान वळवण्यावर, अर्धवट थांबलेल्या हातावर आणि नजर चोरण्यावर चालते. कॅमेरा जवळ असतो तेव्हा एवढेसेही पुरते. भाषेची लाज मात्र मुळीच बाळगू नका. आमच्या अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये वऱ्हाडी बोलले आणि ती घराघरांत आवडली. झाडीबोलीलाही तशी जागा मिळायला हवी, असे मला फार वाटते. आणखी एक : सराफांनी सुरुवातीची कितीतरी वर्षे स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून नाटके केली, तेव्हा तुम्ही शेती सांभाळून प्रयत्न करता यात कमीपणा काहीच नाही.

धानकरी (ब्रह्मपुरी)

दोघांचेही मनापासून आभार. 'चौकट राजा' दोन रात्रींत दोनदा पाहिला. मंडळीच्या दिग्दर्शकांशी बोललो, तर या हंगामात एका नाटकात विनोदी पार्टाऐवजी मोठ्या भावाची भूमिका देऊन पाहू, असे ते म्हणाले. निवडचाचणीचा तो प्रसंगही काल घरी फोन खिडकीत टेकवून पुन्हा केला. या वेळी नोटांवरून नजर उचलली नाही, आणि शेवटची नोट मोजून झाल्यावर काहीही न बोलता गड्डीला रबर लावले. स्वयंपाकघराच्या दारात बायको केव्हा येऊन उभी राहिली ते कळलेच नाही. तिने हळूच विचारले, "किती कमी पडतात?"