कॅसेटबरोबर कागदही जपा

रत्नागिरीच्या एका प्रायोगिक तालवाद्य गटाच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून बाकीचे कागद रद्दीत द्यावेत, असं कुणीतरी सुचवलंय. कृपा करून तसं करू नका.

तालवाद्यांच्या प्रयोगात नुसत्या ध्वनिमुद्रणावरून काय वाजलं ते कळत नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या १९३९ च्या 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन'मध्ये मोटारीचे ब्रेक ड्रम वाजतात. ऐकून तो लोखंडी नाद जाणवेल, पण वाद्य कोणतं हे कागदच सांगतो. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट असते: हवा. फाल्गुनात शिमग्याला खणखणणारा चामड्याचा ताशा भाद्रपदात सर्द होतो, शेकून घ्यावा लागतो. म्हणून प्रयोगाची तारीख, जागा, वाद्यांवर कोणती पानं (ताणलेले पडदे), कोणत्या काठ्या, कोण कुठे बसलं, हे सगळं मोलाचं आहे. एखाद्या कागदामागे कुणी पेन्सिलीने काढलेली बैठकीची आकृती असेल तर ती आधी स्कॅन करा.

कॅसेटबद्दल: किनाऱ्यावरच्या दमटपणात फितीला बुरशी धरते. तशी फीत प्लेअरमध्ये घालू नका, फीत वाचणारं हेडही खराब होतं आणि पुढच्या फितींनाही बुरशी लागते. रूपांतर किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्येच करा. एमपीथ्री फक्त ऐकायला. आणि मूळ फिती त्यानंतरही ठेवा.

गुरुग्रामला संगीताचं एक संशोधन-संग्रहालय आहे, १९८२ मध्ये सुरू झालेलं: 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' (ARCE). त्यांना विचारून बघा. पण त्याआधी गटातले जे वादक आज हयात आहेत त्यांना एकेक कॅसेट ऐकवून बोलतं करा, या मे महिन्यातच, चाकरमानी गावी असताना.