डॅरो म्हणजे फक्त माकडाचा खटला नाही

क्लॅरेन्स डॅरो या अमेरिकन वकिलाचं नाव निघालं की लोक म्हणतात, तो म्हणजे 1925 चा टेनेसीतला, शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेला ‘माकडाचा खटला’. बरोबरच आहे, पण मला त्याचं त्याआधीचं आयुष्यही तितकंच मोठं वाटतं. गडी शिकागोत रेल्वे कंपनीचा वकील होता, चांगली कमाई होती, आणि 1894 च्या पुलमन संपात (रेल्वे कामगारांचा मोठा संप) ती नोकरी सोडून थेट संपवाल्यांचा नेता यूजीन डेब्ज याच्या बाजूने उभा राहिला! 1902 मध्ये इलिनॉयच्या विधानसभेत निवडून आला, शहरातल्या ट्राम लोकांच्या मालकीच्या व्हाव्यात हा त्याचा आग्रह, पण एकच टर्म केली आणि परत कोर्टात.

आणि डेट्रॉइटची स्वीट केस विसरू नका हो. डॉ. ऑसियन स्वीट या काळ्या डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, दुसऱ्याच रात्री बाहेर जमाव, दगड धडाधड खिडक्यांवर, आतून गोळी सुटली नि एक माणूस मेला, घरातल्या अकरा जणांवर खुनाचा आरोप. त्यांचा वकील डॅरो. पहिल्या ज्युरीचं एकमत झालंच नाही. मग मे 1926 मध्ये डॉक्टरच्या धाकट्या भावाला, हेन्रीला, सगळ्या गोऱ्या ज्युरीने निर्दोष सोडलं. डॅरो तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता, मला तर ही केस वाचताना अजून गलबलून येतं.